लाळेचा हिशेब

नळ्यांवर आकडे लिहायचं काम माझं.
काळं पेन, बारीक टोकाचं, उणे ऐंशीतही न पुसणारं.
नावं डॉक्टर तूलिक्कीच्या कुलूपबंद कपाटात,
माझ्याकडे नुसती लाळ.

ओउलूत डिसेंबरात दहाला उजाडतं
आणि दोनला दिवस आवरता घेतात.
अशा गावात ही बाई माणसांना विचारते,
तुमची सकाळ किती वाजता होते?
घड्याळातली नव्हे. आतली.

डोळा उघडला की कापसाचा बोळा चघळायचा,
अर्ध्या तासानं दुसरा,
मग दुपारी, मग निजताना.
कॉफी नंतर. इथल्या माणसाला हे सांगणं
म्हणजे श्वास नंतर घ्या म्हणणं.

पहिल्या दिवशी तिनं मला समजावलं होतं,
राईच्या पावावर लोणी फासत.
मी ते माझ्या परीनं असं लावलं,
की मेंदू हा देहाचा जावई:
वजनाला पन्नासावा हिस्सा, जेवायला पाचवा,
येताना शिदोरी आणत नाही,
आणि घरात काही असो नसो, त्याचं पान आधी.
मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन टोप्या
यकृताला दटावतात, साखर काढ, खोळंबलाय तो.
दंड, मांड्या, सगळे मागच्या पंगतीला.
चार दिवसांचा पाहुणचार निभतो.
मुक्काम वाढला की काय होतं,
ते ती अठरा वर्षं मोजते आहे.

निरोगी माणसाची रेघ
पहाटे टेकडी चढते आणि दिवसभर उतरत राहते.
चारशे सतराची चढलीच नाही.
चार बोळे, चार आकडे, एकाच उंचीचे,
जसं गोठलेलं खाडीचं पाणी.
"चुकलंय काहीतरी," ती म्हणाली.
मी पेन बघितलं, यादी बघितली, यंत्र धुतलं.
पुन्हा बोळे मागवले. पुन्हा तेच.

मग तो स्वतःच आला. रेइनो.
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाइक मासा,
बर्फाला भोक पाडून धरलेला.
कागदाच्या गिरणीत सव्वीस वर्षं, तिसरं यंत्र.
गिरणी बंद होऊन अकरा झाली.
"मला ताण कसला?" तो म्हणाला,
"कुठं वेळेवर पोचायचंच नाही."
तरी चार चाळीसला डोळा उघडतो.
उठून तो खिडकीशी बूट घालून बसतो.

झोप लागते का, तिनं विचारलं.
बराच वेळ त्यानं बुटांकडे पाहिलं.
"झोप येते. सकाळ येत नाही."

तिनं वहीत काहीच लिहिलं नाही.
(सपाट रेघा गाळा, निष्कर्ष स्वच्छ दिसेल,
असं पत्र तिच्या टेबलावर
तीन आठवडे कपाखाली आहे.
त्यावर कॉफीची चार वर्तुळं मी मोजली.)

संध्याकाळी तिनं मासा तिथंच तळला,
कर्मचाऱ्यांच्या स्वयंपाकघरात, नियम मोडून.
धुराची घंटा वाजली, मी खुर्चीवर चढून ती बंद केली.
सतरा तास ती उपाशी होती, मला ठाऊक होतं,
आणि सबंध दिवस ती दुसऱ्यांच्या साखरेचे आकडे लावत होती.

डोकं रेइनोनं घेतलं.
सुरीच्या टोकानं कवटी उघडून दाखवली,
आत वाटाण्याएवढं काहीतरी.
"हा किती खातो?"
तूलिक्की चेष्टेत हसली नाही.
काटा खाली ठेवला, विचार केला.
"पाइकचा माहीत नाही," ती म्हणाली, "बघावं लागेल."
तो मात्र हसला, दाढीत लोणी लागेस्तोवर.

दुसऱ्या दिवशी त्याचे बोळे आले, रोजच्यासारखे.
मी नळी हातात घेतली.
बोटांना अजून माशाचं तेल होतं,
शाई काचेवर धरेना.
चारशे सतरा. चारशे सतरा.
पुसून तिसऱ्यांदा लिहिलं.